राख, सोडा आणि आमची परीटघडी

मराठीत एक शब्द आहे, परीटघडी. पांढरे, कडक, घडी न मोडलेले कपडे घातलेला कुणी दिसला की आपण सहज म्हणतो, परीटघडीतला माणूस. दोस्तहो, हा शब्द आपला नाही. आपल्या आजा-पणजाच्या अंगावर परटाची घडी चढलीच नाही. गावचा परीट अख्ख्या गावाचे कपडे गोळा करायचा, पण महारवाडा-मांगवाड्याच्या तोंडाशी त्याचं गाठोडं थांबायचं. न्हावी आपल्या डोक्याला हात लावत नव्हता, तसा परीट आपल्या धडुत्याला हात लावत नव्हता. महारही बलुतेदारच होता की. पण बलुत्याची ही देवघेव त्याच्यापुरती एकतर्फी. त्यानं सगळ्यांची चाकरी करायची, त्याची कुणी करायची नाही.

मग आपले कपडे कोण धूत होतं? कशानं धूत होतं? आणि त्यासाठी पाणी कुठलं? इतिहासाची पुस्तकं उलटीपालटी करा, लढाया सापडतील, तह सापडतील, राण्यांची नावं सापडतील. धुणं सापडत नाही. म्हणून हा लेख.

मी टेंभी नाक्याला राहतो. नाक्यापासून हाकेच्या अंतरावर धोबी आळी आहे. ठाणं हे जुनं गाव, तळ्यांचं गाव, त्यामुळे इथं आळ्यांना धंद्यांची नावं पडली त्यात नवल नाही. कामाला मी भिवंडीत, कापडावर प्रक्रिया करणाऱ्या एका कारखान्यात. कागदावर ते प्रोसेस हाऊस, आम्ही बोलताना मिलच म्हणतो. मागावरनं उतरलेलं कापड आमच्याकडे येतं ते मळकट, पिवळट, खळीनं ताठ झालेलं. आधी खळ काढायची, मग कॉस्टिक सोड्यात उकळायचं, मग ब्लीच, मग रंग. म्हणजे मी करतो काय, तर परटाचंच काम, फक्त हजारो मीटरनी. सातवीनंतर जे शिकलो ते ग्रंथालयातल्या फुकट पुस्तकांतून आणि हौदाशेजारच्या जुन्या कामगारांकडून. पण सोडा म्हणजे काय, हे मला आधी शिकवलं ते माझ्या आजीनं. तिच्याकडे येतोच.

पहिल्यांदा मनूचं घर बघू. मनुस्मृती बाबासाहेबांच्या हजेरीत २५ डिसेंबर १९२७ ला महाडला जाळली, हे आपल्याला पाठ आहे. जाळलेल्या पुस्तकात काय होतं हेही वाचलं पाहिजे. पाचव्या अध्यायात शुद्धीचे नियम आहेत. तिथं चक्क धुण्याच्या कृती दिल्यात. रेशीम आणि लोकर खाऱ्या मातीनं धुवावी, घोंगडीसारखं वस्त्र रिठ्यानं, अमुक तलम वस्त्र बेलफळानं, जवसाच्या धाग्याचं पांढऱ्या मोहरीनं. वाचून मी थक्क झालो. खारी माती म्हणजे सोडा, रिठा म्हणजे फेस, दोन्ही आजच्या पावडरीचे आजे-पणजे! म्हणजे कपडा कशानं साफ होतो हे ज्ञान त्यांच्याकडे होतं आणि ते त्यांनी लिहून ठेवलं. आता त्याच पुस्तकाचा दहावा अध्याय काढा. तिथं चांडाळानं काय नेसायचं ते सांगितलंय. प्रेतावरचं वस्त्र. एका पुस्तकात दोन पानं. एकाला वस्त्र धुण्याची विद्या, दुसऱ्याला मढ्याचं वस्त्र. आणि हे नुसतं पोथीत राहिलं नाही. मयताच्या अंगावरचं कापड हा महारांचा 'हक्क' म्हणून आपल्या गावोगावी चालत आला. हक्क!

आता आजी. ती बुलढाणा जिल्ह्यातली, मेहकरकडची. १९७२ च्या दुष्काळात माझ्या आज्याबरोबर ठाण्याला आली. तिच्या लहानपणी, म्हणजे १९५६ च्या आसपासच्या वर्षांत, त्यांच्या घरात साबणाची वडी आली ती एखाद्या लग्नालाच. एरवी पऱ्हाटीची राख. कापूस वेचून झाला की पऱ्हाट्या उपटून आणायच्या, चुलीला लावायच्या, राख वेगळी ठेवायची. बुडाला भोक असलेलं एक मडकं, आत खाली गवताचा बोळा, वर राख दाबून भरलेली. वरनं पाणी ओतलं की खालनं थेंब थेंब पिवळसर पाणी गळतं. बोटाला बुळबुळीत लागतं. त्या पाण्यात लुगडी उकळायची, मग दगडावर आपटायची. मी तिला म्हणालो, आजी, हे तर आमच्या मिलमधलं कापड उकळायचं काम झालं. ती म्हणाली, "तुह्या मिलनं आमच्याकडूनच घेतलं असन लेका."

थट्टा सोडा, ती फार चुकत नव्हती. लाकडाच्या राखेत पोटॅश असतं, तो खार. खार तेलकट मळाला फोडतो, त्याचाच थोडाथोडा साबण करून टाकतो, आणि तो पाण्याबरोबर निघून जातो. युरोपातसुद्धा कापड पांढरं करायची रीत अठराव्या शतकापर्यंत हीच होती. राखेच्या पाण्यात उकळा, आंबट ताकात भिजवा, कुरणावर उन्हात पसरा, पुन्हा उकळा. महिनोन् महिने. मग गिरण्या आल्या. माग इतक्या वेगानं कापड ओकायला लागले की कुरणं पुरेनात आणि राखही पुरेना. तेव्हा रसायनशास्त्राला घाई झाली. १७८५ च्या सुमारास फ्रान्समध्ये बर्थोलेनं क्लोरीननं कापड पांढरं होतं हे दाखवलं, १७९९ ला टेनंटनं ब्लीचिंग पावडरचं पेटंट घेतलं. आणि १७९१ ला, फ्रेंच क्रांतीच्या ऐन भरात, लब्लाँ नावाच्या माणसानं मिठापासून सोडा करण्याचं पेटंट मिळवलं. त्याचा कारखाना पुढे क्रांतीनं ताब्यात घेतला आणि तो बिचारा कंगाल होऊन मेला. पण सोडा स्वस्त झाला. त्यापुढे १८६० नंतर बेल्जियमच्या सॉल्व्हेची रीत आली, आणि आपल्या देशात १९३९ ला टाटांनी मिठापूरला सोड्याचा कारखाना काढला. आज जांभळी नाक्याच्या बाजारात आपण धुण्याचा सोडा मागतो तो याच वाटेनं आलेला.

पण आजीच्या गावाला मिठापूरची गरज नव्हती. तिच्याजवळ लोणार होतं. लोणारचं सरोवर म्हणजे उल्का पडून झालेला पावणेदोन किलोमीटरच्या आसपास रुंद खड्डा. त्याचं पाणी खारट, आणि नुसतं मिठाचं खारट नाही, सोड्याचं. उन्हाळ्यात पाणी आटलं की काठाला खार साचतो. अकबराच्या काळच्या ऐन-इ-अकबरीत या जागेची नोंद आहे, काच आणि साबण करायला लागणारा माल इथं मिळतो आणि त्यातनं सरकारला चांगला महसूल येतो म्हणून. २०२० च्या जून महिन्यात या तळ्याचं पाणी गुलाबी झालं तेव्हा अख्ख्या देशानं त्याचे फोटो बघितले. त्या पाण्यातनं खार काढणाऱ्या हातांचा फोटो कुठं बघितलाय का कुणी? बादशहाच्या पुस्तकात महसूल आहे, मजूर नाही.

एक गंमत सांगतो. इंग्लंडात साबणावर कर होता. शंभरावर वर्षं होता. गरिबाच्या अंगावरचा मळ राहिला तरी चालेल, तिजोरी भरली पाहिजे. तो कर ग्लॅडस्टननं उठवला १८५३ साली. आणि १८५३ च्याच १६ एप्रिलला बोरीबंदरहून पहिली आगगाडी निघाली ती आमच्या ठाण्याला आली. तिकडे साबण मोकळा झाला, इकडे तो साबण आत न्यायला रूळ टाकून झाले. पुढे १८८८ ला कलकत्त्याच्या बंदरात लिव्हर ब्रदर्सच्या सनलाइट साबणाची खोकी उतरली, १९३४ ला त्यांचा कारखाना मुंबईत शिवडीला सुरू झाला. मिठाचंही असंच. इंग्रजांनी आपल्या घरचा मिठावरचा कर १८२५ ला काढून टाकला, सोडा-साबणाचे कारखाने त्यावर फोफावले. इथं मात्र मिठावरचा कर १९४७ पर्यंत चालू, आणि परवान्याशिवाय मीठ करणं गुन्हा.

विलायती साबणात चरबी असते म्हणून इथल्या सोवळ्या घरांत त्याचा विटाळ. अर्देशिर गोदरेजनी १९१८ मध्ये वनस्पती तेलाचा साबण काढला आणि चरबी नाही हेच त्याचं मोठं भांडवल ठरलं. मी या ठिकाणी थांबून विचार करतो. मेलेलं ढोर ओढायचं कुणी? आपण. त्या ढोराला हात लावला म्हणून बाटलेलं कोण? आपण. चरबी आणि राखेचा खार, साबणाला लागणाऱ्या या दोन्ही वस्तू महारवाड्याच्या उंबऱ्यात पडलेल्या होत्या. साबणाचा कारखाना आपल्यातल्या कुणाला का काढता आला नाही, याचं उत्तर रसायनशास्त्रात नाही. भांडवल नव्हतं, आणि असतं तरी आपल्या हातचा साबण गावात घेतला कुणी असता? ज्याची सावली चालत नाही त्याचा फेस चालेल?

आणि पाणी! खार घरी करता येतो, पाणी घरी करता येत नाही. आजी सांगते, ओढ्याला वरच्या अंगाला गावच्या बाया धुवायच्या, सर्वांत खाली आपल्या. वरनं सगळ्यांचा मळ वाहून आला की त्यात आपण आपला मळ काढायचा. हे काही आमच्याच गावचं नाही. जोतिरावांनी १८६८ ला आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, कारण दुसरीकडे सोय नव्हती. १९२३ ला मुंबईच्या कायदे कौन्सिलात बोले यांचा ठराव झाला की सरकारी पैशातली तळी-विहिरी सगळ्यांना खुल्या. कागदावर खुल्या. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब चवदार तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी घेतलं. त्यानंतर महाडच्या सनातन्यांनी तळं 'शुद्ध' केलं. कशानं? १०८ घागरी. शेण, गोमूत्र, दूध, दही. धुण्याचं काम करणारा माणूस म्हणून सांगतो, पाण्यात शेण आणि दही ओतलं की पाणी घाण होतं. हे आमच्या हौदावरचा हेल्परसुद्धा सांगेल. पण त्यांना तळं स्वच्छ करायचंच नव्हतं. त्यांना ते पवित्र करायचं होतं. पवित्र आणि स्वच्छ हे दोन शब्द आपण एका दमात बोलतो, पण आपल्या मुलखात हे दोन शब्द हजारो वर्षं एकमेकांच्या उरावर बसलेले आहेत. तळ्याचा निकाल हायकोर्टातनं लागला १७ मार्च १९३७ ला. ओंजळभर पाण्याला दहा वर्षं.

१९२७ च्याच डिसेंबरात, महाडलाच, बाबासाहेब बायांशी वेगळं बोलले. लुगडं कसं नेसावं, जात ओळखू येईल असे गोट-पाटल्यांचे दागिने टाकून द्यावेत, स्वच्छ राहावं. २० जुलै १९४२ ला नागपूरच्या महिला परिषदेतही त्यांनी पुन्हा स्वच्छतेपासूनच सुरुवात केली. आपल्यातल्या काही शिकलेल्या पोरांना हे उपदेश आता जरा मध्यमवर्गी वाटतात. मला वाटत नाहीत. मढ्याचं वस्त्र ज्याच्या अंगावर धर्मानं घातलं, त्यानं स्वतःच्या हातानं धुतलेलं लुगडं नेसणं म्हणजे त्या दहाव्या अध्यायावर बोळा फिरवणं. सोय अशी की त्याला कुणाची परवानगी लागत नव्हती. चुलीतली राख आपलीच होती.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखो माणसं पांढऱ्या कपड्यांत उभी होती. आपण त्या पांढऱ्या रंगावर कविता केल्या, मीही केल्यात. पण मला आता प्रश्न पडतो की ते लाखो कपडे आदल्या आठवड्यात कुणी धुतले असतील? किती हात, किती खार, किती घागरी? आणि पांढऱ्यावर नीळ. नीळ म्हणजे मळ काढणारी वस्तू नव्हे, ती नजरेला फसवते. जुन्या कपड्याचा पिवळेपणा निळ्या झाकीनं मारते आणि कपडा पांढरा दिसतो. आमच्या मिलमध्ये हेच काम दुसऱ्या रसायनानं करतात.

परटांनाही इथं एक राम राम केला पाहिजे, नाहीतर लेख एकांगी होईल. गाडगेबाबा परटाच्या घरचे. जन्म १८७६, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा. ज्या जातीनं आपले कपडे धुवायचे नाहीत असा गावाचा कायदा, त्या जातीतला हा माणूस हातात खराटा घेऊन गावंच्या गावं झाडत सुटला, आणि पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. बाबासाहेब गेले ६ डिसेंबरला, बाबा २० डिसेंबरला, एकाच सालात. परटानं आपल्याला नाकारलं ते स्वतःच्या मनानं नव्हे. आपलं धुतलं असतं तर गावानं त्याचं बलुतं बंद केलं असतं. उतरंडीत त्याचंही मडकं खालचंच. १९५५ चा अस्पृश्यता गुन्हे कायदा आला तेव्हा त्यात नदी, विहीर, तळं, नळ, घाट सगळं लिहावं लागलं, आणि जातीवरनं सेवा नाकारणं हाही गुन्हा ठरवावा लागला. कायद्यात नळाचं नाव लिहावं लागतं, असा हा देश.

आता पावडर. १९५९ ला हिंदुस्तान लिव्हरनं सर्फ आणली. साबण जड पाण्यात फाटतो, त्याचा साका कपड्याला चिकटतो. डिटर्जंटचं तसं होत नाही, ही त्याची करामत. पण सर्फ होती बंगल्यांची. १९६९ ला अहमदाबादेत करसनभाई पटेल नावाच्या सरकारी खात्यातल्या केमिस्टनं घराच्या मागच्या बाजूला हातानं पावडर कालवायला घेतली आणि सायकलवरनं दारोदार विकली. मुलीच्या नावावरनं निरमा. सर्फ तेरा-पंधरा रुपये किलो तेव्हा ही तीन-साडेतीन रुपयांना. सर्फवाल्यांचे उंच मनोरे, त्यात गरम हवेनं फुलवलेले दाणे. याच्याकडे घमेलं आणि काठी. आणि यानं त्यांना घाम फोडला. शेवटी १९८७ च्या सुमाराला लिव्हरला गरिबांसाठी व्हील काढावी लागली.

जे अहमदाबादेत एकानं केलं ते त्या काळात कितीतरी वस्त्यांत बायांनी केलं. त्या कोट्यधीश झाल्या नाहीत एवढंच. आमच्या घरात ही पावडर आली ती संपात. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या पुढारपणाखाली मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर. तो संप रीतसर मागे कधी घेतलाच गेला नाही. माझा आजा त्यातला एक, ठाण्याहून गाडीनं परळला जाणारा. पगार थांबला. आजी आणि चाळीतल्या चार बायांनी वर्गणी काढली, एक कॅन स्लरी आणि एक गोण सोडा आणला. आजीला कुणी रसायन शिकवलं नव्हतं. तिला राखेचं पाणी माहीत होतं, तेवढं पुरलं. रद्दीच्या पुड्या बांधून पाव-पाव किलो विकायच्या. त्यावर घरात ज्वारी आली. संपाच्या इतिहासात युनियनची पत्रकं आहेत, मोर्चे आहेत, आणि ते पाहिजेतच. पण दीड-दोन वर्षं चूल कुणी पेटती ठेवली, त्या घमेल्याची नोंद कुणाकडे?

ही पावडर आम्ही अजून घरी करतो. कृती सांगतो, कारण नुसत्या भावनेनं कपडे निघत नाहीत. प्लास्टिकचं घमेलं, लाकडी दांडा. ॲल्युमिनियमचं भांडं अजिबात नाही, सोडा त्याला खातो. एक किलो पावडरीला अर्धा किलोच्या वर सोडा, शंभर ग्रॅम ॲसिड स्लरी, बाकी मीठ. स्लरी म्हणजे काळपट घट्ट तेजाब, अंगावर पडली तर भाजते. ती सोड्यात थोडी-थोडी सोडायची आणि कालवत राहायचं. फसफसतं, गरम होतं. ते तेजाब आणि सोड्याचं भांडण, त्यातनं जो वायू निघतो तो सोडावॉटरच्या बाटलीतलाच. हिशेबानं शंभर ग्रॅम स्लरी निवायला पंधरा-वीस ग्रॅम सोडा बास होतो. उरलेला सोडा राखेचं जुनं काम करतो, मळ फोडायचं. रात्रभर पसरून ठेवायची, सकाळी चाळायची. हातमोजे घाला, तोंडाला फडकं बांधा, पोरं लांब ठेवा. आणि ब्लीचिंग पावडर स्लरीजवळ आणूसुद्धा नका. त्यातनं क्लोरीन निघतो, बंद खोलीत माणूस मरेल.

वाचतात किती? आमच्या हिशेबानं किलोमागे वीस-पंचवीस रुपये. संपाच्या काळात हा फरक मोठा होता, आता स्वस्त पुड्यांनी तो खाऊन टाकला. मी घरात हा हिशेब मांडला तेव्हा आई काही बोलली नाही, तिनं नुसते हात पुढे केले. ती नौपाड्यात चार घरची धुणी-भांडी करते, मग घरी येऊन आमचं धुते. बोटांच्या पेरांना चिरा, तळहाताचं कातडं सोललेलं. सोडा मळ आणि कातडं यांत फरक करत नाही. मिलमध्ये आम्ही भांडून हातमोजे मिळवले, एकदा नाही, तीनदा भांडून. घरातल्या घमेल्यापाशी कुठली युनियन? ज्यांचे कपडे परीट धूत नव्हता त्यांच्या लेकीबाळी आज सगळ्या शहराचे परीट झाल्यात, आणि आपण सभेला जाताना पांढरा सदरा मागतो तेव्हा तो कुणी धुतला ते विचारत नाही. हे मी बाहेरच्यांना नाही, आपल्याला विचारतोय. आपल्या शाखांत, मंडळांत, अभ्यासवर्गांत किती पोरं स्वतःचं धुणं धुतात?

या महिन्यापासून घरातली पावडर मी कालवतो. सोडा निम्म्यावर आणला, स्लरी थोडी वाढवली. वाचत होते त्यातले दहा-बारा रुपये गेले. आईच्या चिरा भरतायत.

दोस्तहो, एक काम आहे. आपल्या आजीला, मावशीला, शेजारच्या म्हातारीला विचारा. राख कशाची घ्यायच्या, खार कुठनं यायचा, त्याला काय म्हणायच्या, धुवायला कुठल्या पाण्यावर जायच्या, आणि वरच्या अंगाला कोण असायचं. कोकणात वेगळं असेल, मराठवाड्यात वेगळं असेल, हिंगणाच्या फळानं धुणाऱ्या असतील, रिठ्यानं धुणाऱ्या असतील. त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्या, सुधारू नका. आणि अंकाच्या पत्त्यावर पाठवा. माझी आजी पंचाहत्तरीच्या घरात आहे, तिच्या बरोबरीच्या बऱ्याच गेल्या.